एक माणूस, दोन खुर्च्या, पगार एकाचाच? कंपनीच्या जेट पायलटचा हिशोब आणि तुमचा धंदा



पगार कसा ठरवायचा यावरच्या आपल्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हा: "सर, माझ्याकडे एकच माणूस दोन कामं करतो. त्याला पगार किती द्यायचा?" कुणाचा ड्रायव्हर डिलिव्हरीचं वेळापत्रकही बघतो, कुणाचा स्वयंपाकी माल मागवतो आणि हिशोबही ठेवतो, कुणाचा मशीन ऑपरेटर बाकीच्या चार पोरांना कामाला लावतो.

आज याचं उत्तर थोडं लांबून देणार आहे, म्हणजे आकाशातून. उदाहरण घेतोय कंपनीच्या खासगी जेटच्या अशा पायलटचं, जो विमान उडवतो आणि त्याच विमानाचं सगळं ऑपरेशनही सांभाळतो. तुमच्यातल्या किती जणांकडे जेट आहे, मला माहीत आहे, हसू नका. पण दोन कामांचा प्रश्न याच्याइतका स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. इथे दोन्ही कामं मोठी आहेत, दोन्ही मोजता येतात आणि मालक श्रीमंत आहे. तरीही बऱ्याचदा दुसऱ्या कामाचे पैसे द्यायला हात आखडतो. म्हणजे अडचण पैशाची नाही, मोजण्याच्या सवयीची आहे.

माझं मत आधीच सांगतो. दुसरं काम हे दुसरं कामच असतं. "तू करतोच आहेस, तर हेही बघ" असं म्हणून जे काम सोपवलं जातं, ते फुकट नसतं. त्याची किंमत आज पगारात दिली नाहीत, तर उद्या राजीनाम्यात द्याल. विमानाच्या बाबतीत तर त्याहून मोठी किंमत मोजावी लागू शकते.

जमिनीवरचं काम कुणाला दिसत नाही

पायलट म्हटलं की आपल्याला खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या दिसतात. इंडिगो किंवा एअर इंडियाचा कॅप्टन येतो, विमानात बसतो, उडवतो, उतरतो, घरी जातो. त्याच्या मागे शेकडो माणसांची फौज असते. रोस्टर दुसरा करतो, फ्लाइट प्लॅन डिस्पॅचचे लोक तयार करतात, इंधन, देखभाल, परवानग्या, हॉटेल, सगळ्याला वेगळे विभाग असतात.

कंपनीच्या एकट्या जेटला यातलं काहीच नसतं. मालकाचा रात्री नऊला फोन येतो, "कॅप्टन, उद्या सकाळी नांदेडला जायचंय, दोन वाजेपर्यंत मुंबईत परत." मालकासाठी हे एक वाक्य झालं. कॅप्टनसाठी आता काय काय सुरू होतं ते बघा.

मुंबईत निघायची आणि परत उतरायची वेळ मिळवायची. ही गोष्ट दिवसेंदिवस अवघड होत चालली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावरची गर्दी कमी करण्यासाठी सरकारने नियम कडक केले, आणि खासगी जेटना बंदी असलेले दिवसाचे तास ४ वरून ८ झाले. म्हणजे दिवसाचा एक तृतीयांश भाग गेला. मग तिकडचं विमानतळ किती ते किती उघडं आहे, तिथे इंधन आहे का, विमान उभं करायला जागा आहे का, ते बघायचं. फ्लाइट प्लॅन भरायचा, हवाई संरक्षणाच्या परवानगीचा एडीसी क्रमांक आणि त्यासोबत एफआयसी क्रमांक घ्यायचा. हवामान बघायचं, आणि पावसाळ्यात तर दर तासाला बघायचं. नांदेडला उतरता आलं नाही तर कुठे जायचं ते ठरवून तेवढं इंधन जास्त घ्यायचं. ग्राउंड हँडलिंगवाल्याला कळवायचं, प्रवाशांची नावं, सामानाचं वजन, साहेबांचं जेवण. को-पायलटची विश्रांती पूर्ण झाली आहे की नाही ते बघायचं. आपली स्वतःची झाली आहे की नाही, हेही प्रामाणिकपणे बघायचं.

हे झालं एका फेरीचं. याशिवाय बारा महिने चालणारं काम वेगळंच. विमानातला नेव्हिगेशनचा डेटाबेस दर २८ दिवसांनी बदलतो. देखभालीच्या तारखा उड्डाणाच्या तासांवरही चालतात आणि कॅलेंडरवरही. म्हणजे विमान उडालं नाही तरी तारीख येतेच. विम्याचं नूतनीकरण, हँगरचं भाडं, इंधनाची बिलं, सुट्या भागांचे दर, डीजीसीएला द्यायची कागदपत्रं, पायलटांची मेडिकल, सिम्युलेटरच्या तारखा. बऱ्याच बिझनेस जेटचं सिम्युलेटर परदेशात असतं, म्हणजे व्हिसा आणि तिकिटंही आली. एखादं उपकरण बिघडलं तर ते बंद असताना उडता येईल का, किती दिवस, कोणत्या अटीवर, यासाठी प्रत्येक विमानाची ठरलेली यादी असते. ती उघडून बसायचं.

हे सगळं करणाऱ्या माणसाला कंपनीत काय म्हणतात? "आमचा पायलट." पगाराच्या चिठ्ठीवरही तेवढंच लिहिलेलं असतं.

"उडत नाही तेव्हा रिकामाच बसतो की!"

मालकाचा हा आवडता मुद्दा. "महिन्यात दहा दिवस उडतो. बाकीचे वीस दिवस घरी. मग दोन-चार फोन केले तर काय बिघडलं?"

ऐकायला बरोबर वाटतं, म्हणून नीट तपासूया.

फायर ब्रिगेडचा जवान दिवसातले किती तास आग विझवतो? फारच कमी. म्हणून त्याला आपण "रिकाम्या वेळात" नगरपालिकेची घरपट्टी गोळा करायला पाठवतो का? त्याचा पगार आग विझवण्याच्या मिनिटांचा नसतो, घंटा वाजली की निघण्याच्या तयारीचा असतो. पायलटचंही तसंच. फोन आला की निघायचं, म्हणून आदल्या रात्री पार्टी नाही, गावाला जाणं नाही, मुलाच्या स्नेहसंमेलनाला जाईन असा शब्द देता येत नाही. हे उपलब्ध असणं त्याच्या पायलटच्या पगारात मोडतं. ते आपण आधीच विकत घेतलेलं आहे. मालकाला जो रिकामा वेळ वाटतो, तो वेळ आधीच एका कामाला लागलेला आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांमध्ये 'ड्युटी' या शब्दाची व्याख्या दिली आहे. त्यात फक्त उड्डाण येत नाही. ऑपरेटरने सांगितलेलं कार्यालयीन काम, प्रशिक्षण, दुसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवणं आणि थकवा आणणारं स्टँडबाय हेही त्यात धरलेलं आहे. म्हणजे जगभरच्या तज्ज्ञांनी मान्य केलंय की टेबलवर बसून केलेलं कामही पायलटला थकवतं आणि ते मोजलं पाहिजे.

आता विचार करा. कॅप्टन सकाळी नऊपासून विम्याच्या एजंटशी आणि देखभालीच्या कंपनीशी भांडतोय. संध्याकाळी सहाला साहेबांना दिल्लीला जायचंय. रात्री अकराला परतीचं लँडिंग. मालकाच्या दृष्टीने त्याची ड्युटी सहाला सुरू झाली. त्याच्या शरीराच्या दृष्टीने ती सकाळी नऊलाच सुरू झाली होती. म्हणून माझ्या मते दुसऱ्या कामाचे पैसे देण्याआधी दुसऱ्या कामाचे तास लिहायला लागा. ज्या कामाचे तास कुठेच लिहिलेले नाहीत, त्याचा थकवाही कुणाच्या हिशोबात येत नाही.

नियमांनाही ही दोन पदं वेगळीच दिसतात

अमेरिकेत बिझनेस जेटचा धंदा सगळ्यात जुना आणि मोठा. तिथे भाड्याने विमान चालवणाऱ्या चार्टर कंपनीला कायद्याने तीन पदं भरावी लागतात: डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्स, चीफ पायलट आणि डायरेक्टर ऑफ मेंटेनन्स. एकट्या पायलटच्या अगदी छोट्या ऑपरेटरला यात सवलत आहे. आपल्याकडेही चार्टरचा परवाना हवा असेल तर उड्डाण, देखभाल आणि सुरक्षा यांसाठी जबाबदार माणसं नेमून दाखवावी लागतात.

पण कंपनी स्वतःच्याच साहेबांसाठी, भाडं न घेता विमान चालवत असेल, तर नियम बरेच सैल होतात. अमेरिकेत अशा खासगी उड्डाणांना पायलटच्या ड्युटीच्या तासांची चार्टरसारखी कायदेशीर मर्यादाच नाही. उद्योगाने स्वतःहून मार्गदर्शक तत्त्वं केली आहेत, पाळणं कंपनीवर. म्हणजे नियम गेला, पण काम गेलं का? विमान तेच, आकाश तेच, पाऊसही तोच. डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्सचं काम कुणीतरी करतंच आहे, फक्त त्याला पाटी नाही आणि पगारही नाही.

अमेरिकेतली बिझनेस एव्हिएशनची संघटना, एनबीएए, १९४७ पासून आहे. ती सभासदांसाठी पगारांचं सर्वेक्षण करते. त्यात विमान विभागाचा व्यवस्थापक, चीफ पायलट, कॅप्टन, को-पायलट अशी पदं वेगवेगळी धरलेली असतात. तुम्हाला कुणाचा पगार ठरवायचा असेल तर पहिला प्रश्न "किती?" नको. पहिला प्रश्न "कोणत्या पदाचा?" असा पाहिजे. चुकीच्या पदाचा बाजारभाव कितीही अचूक काढला तरी उत्तर चुकणारच.

आता हिशोब करूया

वही-पेन घ्या. खरे पगार विमानाच्या प्रकारावर, अनुभवावर आणि शहरावर बदलतात, म्हणून आपण रुपयांऐवजी सरळ गुण घेऊ. खालचे सगळे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत.

समजा, या प्रकारच्या विमानाच्या फक्त उडवणाऱ्या कॅप्टनचा बाजारातला पगार १०० आहे. ऑपरेशन्स सांभाळायला पूर्णवेळ वेगळा माणूस ठेवला तर त्याचा पगार ४५. म्हणजे दोन माणसांचा खर्च १४५.

मालक काय करतो? कॅप्टनलाच दोन्ही कामं देतो आणि १०० चे १०५ करतो. वर म्हणतो, "वाढवलेत की पाच!" त्याने ४० वाचवले, आणि ते कॅप्टनच्या झोपेतून वाचवले.

कॅप्टन काय म्हणतो? "दोन कामं, मग १४५ द्या." हेही मला पटत नाही. कारण एका विमानाचं ऑपरेशन पूर्णवेळ माणसाचं काम नसतं. मग मधला आकडा कसा काढायचा?

पहिला भाग, तासांचा. तीन महिने जमिनीवरच्या कामाची रोजची नोंद ठेवा. समजा महिन्याला सरासरी ६० तास निघाले. पूर्णवेळ माणूस महिन्याला १८० तास काम करतो. म्हणजे एक तृतीयांश काम. ४५ चा तिसरा हिस्सा १५.

दुसरा भाग, जबाबदारीचा. कागदावर सही कुणाची? तपासणी आली तर उत्तर कोण देणार? रात्री दोनला देखभालवाल्याचा फोन कोण उचलणार? हे ओझं तासांत बसत नाही. त्यासाठी ठरावीक भत्ता, समजा १०.

एकूण १२५. दोन माणसं ठेवली असती तर १४५ लागले असते. मालकाचे २० वाचले, कॅप्टनला २५ जास्त मिळाले. दोघांचाही फायदा. मी याला न्याय्य पगार म्हणतो.

तिसरा भाग पैशात नाही, सुट्टीत आहे. महिन्यातले काही दिवस असे पाहिजेत की फोन दुसरा कुणीतरी उचलेल, मग तो को-पायलट असो की बाहेरची एजन्सी. हे दिवस आधी ठरवून कागदावर लिहायचे. "बघू, काम नसेल तेव्हा घे सुट्टी" याला सुट्टी म्हणत नाहीत. एअरलाइनच्या पायलटांची आठवड्याची सलग विश्रांती आपल्या डीजीसीएने ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. ज्यांच्या मागे अख्खी फौज आहे त्यांना ४८ तास लागतात, तर एकट्याने सगळं ओढणाऱ्याला किती लागत असतील?

तो गेला तर?

काही मालक इथेही म्हणतील, "२५ जास्त कशाला? दुसरा मिळेल." मिळेल का, ते बघूया.

२०२३ च्या फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० विमानांची ऑर्डर जाहीर केली. त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची. ही विमानं कुणीतरी उडवणार आहे. अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये डेल्टाच्या पायलटांनी चार वर्षांत ३४ टक्के वाढीचा करार मिळवला, त्यानंतर बाकीच्या मोठ्या एअरलाइन्सनाही हात सैल सोडावा लागला. एअरलाइन जेव्हा पगार वाढवते, तेव्हा ती तुमच्याच कॅप्टनला बोलावत असते. तिथे रोस्टर महिनाभर आधी कळतं आणि विम्याच्या एजंटशी भांडावं लागत नाही.

आणि तो गेल्यावर नुसता पायलट जात नाही. विमानाची सगळी ओळख त्याच्या डोक्यात असते. कोणता भाग मागच्या पावसाळ्यात त्रास देत होता, कोणत्या देखभाल कंपनीचं बिल दोनदा तपासावं लागतं, कोणत्या छोट्या विमानतळावर इंधनाची खात्री नसते. नवा माणूस येईपर्यंत कंत्राटी पायलट दिवसाच्या दराने आणावा लागतो, आणि त्याला तुमच्या प्रकारच्या विमानाचं रेटिंग असावं लागतं. तोपर्यंत विमान उभं. उभं विमानही खातच असतं: हप्ता, विमा, हँगर, देखभाल. ते २५ गुण वाचवून मालकाने काय कमावलं?

पैसे कशाचे देऊ नयेत

इथे बरेच उद्योजक मला विरोध करतील. आपण सगळे इन्सेन्टिव्हचे चाहते आहोत. "जितकं काम, तितका पैसा." विक्रीमध्ये हे चालतं. पण जो माणूस उडायचं की नाही हे ठरवतो, त्याला उडण्याच्या संख्येवर बोनस देऊ नका. जो इंधन किती घ्यायचं हे ठरवतो, त्याला इंधन वाचवल्याचा बोनस देऊ नका. जो बिघाड नोंदवतो, त्याला देखभालीचा खर्च कमी ठेवल्याचं बक्षीस देऊ नका.

कारण साधं आहे. कॅप्टनच्या दोन खुर्च्या आहेत. मॅनेजरच्या खुर्चीत बसून तो खर्च बघतो, पायलटच्या खुर्चीत बसून धोका बघतो. तुम्ही एका खुर्चीखाली नोटांची गड्डी ठेवलीत तर तो त्याच बाजूला झुकणार. आणि तो झुकला, की विमानात तुम्ही बसलेले असता.

अशा माणसाला स्थिर पगार द्या. "आज जाता येणार नाही" असं म्हटल्याने त्याचा एक रुपयाही कमी होता कामा नये. मी तर म्हणेन, न्याय्य पगाराची खरी परीक्षा हीच: या पगारावर हा माणूस मला 'नाही' म्हणू शकतो का?

पगार दिला, आता बघणारा कोण?

आणखी एक गोष्ट, जी पगारात सुटत नाही. मॅनेजरच पायलट असेल, तर पायलटवर देखरेख कोण ठेवणार?

३१ मे २०१४ ला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डला एक गल्फस्ट्रीम जेट उडताना धावपट्टीच्या पुढे जाऊन कोसळलं. आत असलेले सातही जण गेले. विमानाच्या नियंत्रण पृष्ठभागांना लावलेलं कुलूप न काढताच टेक-ऑफ सुरू केला होता. चौकशीत विमानातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा कळलं की आधीच्या १७५ टेक-ऑफपैकी ९८ टक्के वेळा नियंत्रणांची पूर्ण तपासणी झालीच नव्हती. दोन्ही पायलट अनुभवी होते, अनेक वर्षं एकत्र उडत होते.

हा अपघात पगारामुळे झाला असं मी अजिबात म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की छोट्या टीममध्ये, जिथे तीच माणसं उडवतात आणि तीच सगळं सांभाळतात, तिथे सवयी हळूहळू घसरतात आणि सांगणारं कुणी नसतं. म्हणून वाचलेल्या २० गुणांपैकी थोडे बाहेरच्या डोळ्यांवर खर्च करा. वर्षातून एकदा त्रयस्थ माणसाकडून तपासणी आणि उड्डाणाच्या नोंदी नियमित बघणं. कॅप्टनवर अविश्वास आहे म्हणून हे करायचं नाही. एकट्यावर सगळं टाकलं, तर त्याला आधार द्यायचं कामही आपलंच आहे.

मालकाचीही एक बाजू आहे

मी एकतर्फी बोलत नाही. काही वेळा कंपनीची खरंच ऐपत नसते. सुरुवातीला तर सगळेच सगळं करतात. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा स्वतः टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले, आणि तिथून पुढे मद्रासकडे विमान नेलं नेव्हिल विन्सेंट यांनी. ही योजना टाटांकडे घेऊन आले होते तेही विन्सेंटच. ज्याने धंदा मांडायचा त्यानेच उडवायचं. सुरुवात अशीच होते आणि त्यात काही गैर नाही.

गैर तेव्हा होतं, जेव्हा सुरुवात संपते आणि व्यवस्था तीच राहते. विमान महिन्याला चार तासांवरून चाळीस तासांवर जातं, पण "आपण घरचेच" हे वाक्य तसंच राहतं.

पैसे नसतील तर दुसरे मार्ग आहेत. काम कमी करा: विमान सांभाळून देणाऱ्या व्यवस्थापन कंपन्या असतात, कागदपत्रं आणि परवानग्या त्यांच्याकडे द्या. किंवा को-पायलटला ऑपरेशन्सचा काही भाग शिकवा आणि त्याचे पैसे त्याला द्या. किंवा कॅप्टनला सरळ सांगा, "या वर्षी एवढंच जमेल, पुढच्या एप्रिलपासून इतके वाढतील", आणि ते लिहून द्या. खोटा मान देण्यापेक्षा खरी अडचण सांगितलेली लोकांना जास्त पचते. 'डायरेक्टर' अशी पाटी देऊन पगार तोच ठेवणं ही सगळ्यात वाईट युक्ती. कामगार कायद्यातही वाद झाला तर पाटीपेक्षा माणूस प्रत्यक्षात काय काम करतो, हेच पाहिलं जातं.

आता तुमच्या दुकानात या

जेट गेलं हँगरमध्ये. आता तुमचा तो ड्रायव्हर आठवा, जो गाडीही चालवतो आणि सकाळी कुठला माल आधी जाणार हेही ठरवतो. हिशोब तोच. या आठवड्यात एवढं करा:

१. तुमच्याकडे दोन खुर्च्यांवर बसलेली माणसं कोण, त्यांची नावं लिहा. प्रत्येकाच्या नावापुढे दोन रकाने: ठेवलं कशासाठी आणि करतो काय काय.

२. दुसऱ्या रकान्यातल्या कामाचे तास महिनाभर लिहून घ्या. त्यालाच लिहायला सांगा. का लिहायचे ते आधी सांगा, नाहीतर तो घाबरेल.

३. ते काम वेगळ्या माणसाकडून करून घेतलं असतं तर पूर्णवेळ पगार किती, ते बाजारात विचारा. तासांच्या प्रमाणात हिस्सा काढा. त्यावर जबाबदारीचा ठरावीक भत्ता धरा.

४. दुसऱ्या कामासाठी त्याला कोणते निर्णय तुम्हाला न विचारता घेता येतील, ते लिहून द्या. अमुक रकमेपर्यंतची दुरुस्ती, अमुक वेळी गाडी न पाठवणं. अधिकार न देता जबाबदारी दिली तर माणूस फक्त बोलणी खायला उरतो.

५. ज्या निर्णयात कुणाच्या जिवाचा किंवा ग्राहकाच्या तब्येतीचा प्रश्न आहे, त्याला कमिशन जोडू नका. जास्त फेऱ्यांचा बोनस मिळणारा ड्रायव्हर घाटात ओव्हरटेक करणार. माल वाया न घालवल्याचा बोनस मिळणारा स्वयंपाकी कालचं पनीर आज वापरणार.

६. त्याचा फोन बंद राहील असे दिवस कॅलेंडरवर आधी लिहा. त्या दिवशी काम कसं चालतं ते बघा. चाललं नाही, तर समजा की तुमचा धंदा एका माणसाच्या तब्येतीवर उभा आहे.

तुमच्यातले अनेक जण स्वतःच मालक, ड्रायव्हर, हिशोबनीस आणि सेल्समन आहेत, हे मला माहीत आहे. मग हाच कागद स्वतःसाठीही भरा. तुमच्या मालाच्या किमतीत या चारपैकी किती जणांचा पगार धरलाय? बहुतेकांनी एकाचाही धरलेला नसतो. आणि मग पहिला माणूस कामावर ठेवायची वेळ येते, तेव्हा कळतं की किमतीत त्याच्यासाठी जागाच नाही.

भागीदार असाल तर शेजारी बसून भरा. दोघांचे कागद जुळले नाहीत तर भांडू नका, तिथूनच बोलायला सुरुवात करा. हिशोबाचा तक्ता पुढच्या व्हिडिओत फळ्यावर मांडून दाखवतो. तोपर्यंत महिनाभराच्या तासांची नोंद तयार ठेवा, म्हणजे तुमचे स्वतःचे आकडे घालून बघता येतील.